घरगुती धंद्याला वकील लागतो का? आधी सही कोणाची ते बघा

परवा चौथ्या मजल्यावरची सून केकचा तुकडा घेऊन आली. खाऊन होईपर्यंत थांबली आणि मग मुद्द्यावर आली. "काकू, केकच्या ऑर्डरी घ्यायला लागलेय. हे म्हणतात आधी वकील गाठ. खरंच लागतो का हो?"

मी २०१८च्या दिवाळीपासून डोंबिवलीत घरून चकलीची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला विकते. एवढ्या वर्षांत तीनदा वकिलाकडे गेले. त्यातलं एकदा उगाच. आणि दोनदा जायला हवं होतं तेव्हा गेले नाही, ते तिन्ही फियांपेक्षा महाग पडलं. त्यातून माझी एक साधी कसोटी तयार झाली आहे. समोर जो कागद आलाय त्यावर तुमच्याशिवाय आणखी कोणाची सही होणार? फक्त तुमची असेल तर तो फॉर्म आहे. फॉर्म स्वतः भरा, नाहीतर सीएकडून भरून घ्या. दुसऱ्याचीही असेल तर सही करायच्या आधी वकिलाला दाखवा. आणि कागदावर मुदत लिहिलेली असेल, किंवा कायद्याने त्याला मुदत असेल, तर आजच दाखवा.

आधी फॉर्म. खाण्याचा धंदा असला की फूड लायसनने सुरुवात होते. मी काढलं तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर नुसती नोंदणी पुरायची आणि तिची फी वर्षाला १०० रुपये होती. मी पाच वर्षांचे ५०० एकदम भरले. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, झालं. चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारकडची नोंद, तर त्याहून सोपी. आधार, ओटीपी, आणि पैसे शून्य.

हे "पैसे शून्य" मला कळलं ते साडेसहा हजार घालवल्यावर. २०२०च्या दिवाळीनंतर एका माणसाचा फोन आला. मॅडम, तुमचा धंदा लीगल करून देतो, सगळं पॅकेजमध्ये. पॅकेजमध्ये होतं काय? फूडची नोंदणी, उद्यम आणि एक फाइल. मी त्याला वकील समजत होते. आपल्याकडे वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे, हे नंतर समजलं. तेव्हा "ऑफर आजच्यापुरती" म्हणत फोन करणारा कोणीही असो, तो वकील म्हणून वागत नाहीये एवढं नक्की.

पाकिटावर काय छापायचं, हेही वकिलाचं काम नाही. निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, माल बनवल्याची किंवा पॅकिंगची तारीख, नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन. मी पहिली दोन वर्षं "अंदाजे २०० ग्रॅम" असं लेबल लावायची, आपलं प्रामाणिकपणे. वजनमापाच्या नियमांत "अंदाजे" चालतच नाही. शेवटी काटा बदलला आणि शब्द खोडला. पाकीटबंद माल करणाऱ्याला वैधमापन खात्याकडेही नोंद करावी लागते, सुरुवात केल्यापासून ९० दिवसांत. मुदत असली तरी तोही फॉर्मच.

जीएसटीचं सीएला विचारा. मालाच्या धंद्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, म्हणून मी निवांत होते. मग बेळगावची नणंद म्हणाली, माझ्या ओळखीच्या दुकानात तुझी भाजणी ठेवते. माणसं आपली, भाषा आपली, चकली तीच. पण जीएसटीच्या लेखी बेळगाव परराज्य, आणि करपात्र माल परराज्यात विकायचा तर पहिल्या पाकिटापासून नोंदणी. सीएने पाच मिनिटांत सांगितलं, पैसेही घेतले नाहीत. नणंदेला भाजणी अजून जाते, पण माहेरची भेट म्हणून.

आता माझा उगाचचा वकील. भाजणी भाजताना जिन्यात वास सुटतो तेव्हा लोक दारात येऊन विचारतात, झाली का? मसाल्याच्या मिरच्या भाजते तेव्हा तेच लोक ठसकत येतात. एकदा सोसायटीचं पत्र आलं: सदनिकेचा वापर राहण्याव्यतिरिक्त अन्य कारणासाठी होत असल्याचे निदर्शनास आले आहे. मी घाबरले, अडीच हजार देऊन वकिलाकडून दोन पानी उत्तर पाठवलं. उत्तर एकदम चोख होतं. पण पुढचं वर्षभर सेक्रेटरी लिफ्टमध्ये माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी मी स्वतः कमिटीला साध्या मराठीत लिहून दिलं की मिरच्या यापुढे मसाला कांडपाच्या गिरणीवरच भाजून कुटून आणीन, माल न्यायला माणसं संध्याकाळी सातनंतर येणार नाहीत, आणि जिन्यात खोके ठेवणार नाही. विषय मिटला. शेजाऱ्यांशी बोलायला वकील पाठवायचा नसतो, हे शहाणपण मला अडीच हजारांना पडलं. पत्राला उत्तर मात्र लेखीच द्या, आणि पोच घ्या. भाड्याच्या घरात असाल तर करारात "फक्त राहण्यासाठी" असं कलम आहे का ते पाहा. बहुतेक असतंच. मग मालकाची लेखी परवानगी घ्या. इथे दुसऱ्याची सही लागते, तरी वकील नको. कसोटीला तेवढा अपवाद.

जिथे हवा होता तिथे मात्र मी गेले नाही. २०१९मध्ये शाळेतली एक मैत्रीण धंद्यात आली. चाळीस हजारांची चक्की माझी, कष्ट दोघींचे, धंद्याचं नाव तिने सुचवलेलं, आणि ऑर्डरी यायच्या त्या तिच्या मोबाइलवर. ओळखीच्या वकीलबाईंनी भागीदारीचा करार चार हजारांत करून देते म्हटलं होतं. मी म्हटलं, आमच्यात कसला कागद? आम्ही चौथीपासून एका बाकावर बसलोय.

दोन वर्षांनी तिला वेगळं व्हायचं होतं. भांडण नव्हतं, तिच्या मुलाचं बारावीचं वर्ष होतं. मी धरून चालले होते की भांडवल माझं, म्हणजे सत्तर टक्के माझे. तेव्हा वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, कराराने काही ठरवलेलं नसेल तर १९३२चा भागीदारी कायदा नफा-तोटा समसमान धरतो, कोणी किती पैसे घातले ते न बघता. देणं असेल तर ज्याचे पैसे द्यायचे आहेत तो दोघींपैकी कोणाकडूनही पूर्ण वसूल करू शकतो. आणि नाव? फोन नंबर? त्यावर त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. चक्की माझ्याकडे आली. नाव आणि नंबर तिच्याकडे राहिले, आणि त्या नंबरात सहाशेच्या वर गिऱ्हाइकं होती. ती अजून दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते, त्या नावाने. आम्ही बोलतो, पण पूर्वीसारखं नाही.

म्हणून बहीण असो, जाऊ असो की मैत्रीण, दोघींचे पैसे किंवा दोघींचे हात एका धंद्यात असतील तर वकिलाकडे जा. जाण्याआधी एका कागदावर मराठीत उत्तरं लिहून न्या. कोण किती घालणार आणि ते परत कधी मिळणार? नाव कोणाचं? फोन नंबर आणि पेज कोणाच्या नावावर? एकीला आजारपण आलं तर? एकीला थांबायचं असेल तर किती महिने आधी सांगायचं? ही उत्तरं तयार असली की वकिलाचा वेळ वाचतो, फीही कमी होते. आणि नोटरीच्या शिक्क्यावर जाऊ नका. नेटवरचा नमुना नावं बदलून नोटरी केला म्हणजे करार पक्का, असं बऱ्याच जणी समजतात. नोटरी सही तुमचीच आहे एवढं बघतो, आतली कलमं तुमच्या फायद्याची आहेत का हे नाही.

नवीन नाव घेतलं तेव्हा ट्रेडमार्कचा, म्हणजे नाव आपल्या हक्काचं म्हणून नोंदवायचा, अर्ज मी स्वतः भरला. आधी नोंदणी खात्याच्या साइटवर नाव शोधून बघता येतं, फुकट. मसाला आणि पिठं ३०व्या वर्गात येतात, लोणची २९व्यात. प्रत्येक वर्गाची फी वेगळी, मी एका वर्गाचे ४,५०० भरले. पण नावात "खमंग" हा शब्द होता. खात्याने हरकत घेतली की हा मालाचा गुण सांगणारा शब्द आहे, तो एकटीला कसा देणार? हरकतीला उत्तर द्यायला एक महिना असतो. इथे मुदत आली, म्हणजे वकील. ही माझी तिसरी खेप. उत्तर दिलं, नाव मिळालं, पण "खमंग" या शब्दावर एकटीचा हक्क सोडून. अर्ज करायच्या आधीच अर्धा तास विचारलं असतं तर नावच दुसरं घेतलं असतं. आणि नोंदणी होईपर्यंत पाकिटावर गोलातला आर, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, छापू नका, त्याला कायद्याने दंड आहे. टीएम चालतं.

अडकलेल्या पैशांचं सगळ्यांत नीट ऐका. एका दुकानदाराकडे माझे ३८ हजार होते. "देतो वहिनी, देतो" करत त्याने चेक दिला आणि तो परत आला. बँकेचा मेमो मी देवघराच्या खणात ठेवला, गणपतीनंतर बघू म्हणून. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. मग समोरच्याला १५ दिवस, आणि तरी पैसे नाही आले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. मी उठले तेव्हा नोटिशीची मुदत संपली होती आणि चेकची तीन महिन्यांची मुदतही. मेमो हातात पडला की त्याच आठवड्यात वकील, सण असो नाहीतर सुतक.

वाचवलं ते उद्यमने. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या पुढे अडवता येत नाहीत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. समाधान नावाच्या सरकारी पोर्टलवर मी तक्रार केली, तीही स्वतः. बिलं आणि पोच घेतलेली चलनं मी भाजणीच्याच डब्यात जपली होती, ती कामी आली. अशा तक्रारी बघणाऱ्या सरकारी परिषदेची नोटीस दुकानदाराला गेल्यावर मुद्दल तीन हप्त्यांत आलं. व्याज मी सोडलं.

फीची भीती असेल तर एक गोष्ट बायकांना कोणी सांगत नाही. १९८७च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो आणि तिथे उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आमचं ठाण्याला. फोन १५१००. पैसे देऊन वकील करणार असाल तर फी आधी विचारा: नुसता कागद वाचायचे किती, लिहून द्यायचे किती. विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही, भाजी घेताना आपण विचारतोच.

एवढं सगळं ऐकून सून म्हणाली, "म्हणजे मला नकोच, काकू. माझा तर नुसता केक." उठता उठता सहज बोलली की स्टेशनजवळचा एक कॅफे रोज बारा केक घेणार आहे, त्याने कसलंसं तीन पानी इंग्रजी पाठवलंय. मोबाइल घेऊन वाचलं. दुसऱ्या पानावर होतं की दोन वर्षं तिने डोंबिवलीत दुसऱ्या कोणालाही केक विकायचा नाही, घरगुती ऑर्डरीसुद्धा. आणि तो बारा घेईलच असं कुठेच नव्हतं.

"सही केलीस?"

"उद्या जाणार होते."

तिथूनच वकीलबाईंना फोन लावला. शनिवारी साडेअकराची वेळ मिळालीय. करारपत्र आणि ऑर्डरींची वही घेऊन दोघी जाणार आहोत. कागद वाचायचे त्या आठशे घेतात.