घरच्या रियाजाला फोन कसा लावायचा (गाणं शिकणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी)

माझ्या क्लासला येणाऱ्या पोरांच्या आया महिन्यातून एकदा तरी विचारतात, ताई कुठलं ॲप घेऊ, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी चार ॲप डाउनलोड करून ठेवलेली असतात, त्यातल्या एकात सूर बरोबर लागला की स्क्रीनवर फुगे फुटतात. पोरगी खूश, आई खूश, आणि रविवारी क्लासला आली की गंधार (ग) चढलेला. तो का चढतो ते पुढे सांगते, पण आधी एवढं ठरवून टाका की फोनकडून आपल्याला तीनच कामं हवीत, तानपुरा धरायचा, ठेका धरायचा आणि रेकॉर्ड करायचं. बाकीचं नसलं तरी काही अडत नाही.

फोन शक्यतो घरातला जुना घ्या, सिम काढलेला. नवा फोन असेल तर फ्लाइट मोड टाका, कारण आलाप रंगात आलाय आणि मध्येच बाबांच्या ऑफिसचा कॉल, की तानपुरा बंद, आणि पोरगं परत बसतच नाही.

आता तानपुरा. अँड्रॉइडला तानपुरा ड्रॉइड फुकट मिळतं आणि ते पुरतं, आयफोन-आयपॅडवाले पुष्कळ जण आयतबला प्रो वापरतात, ते विकत घ्यावं लागतं पण त्यात ठेकाही येतो. घरात जुनी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी असेल तर तीच काढा, ती कधी नोटिफिकेशन दाखवत नाही. पट्टी कुठली लावायची, म्हणजे मुलाचा सा कुठल्या सुरावर धरायचा, हे तुम्ही ठरवू नका, बाईंना किंवा सरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ॲपमध्ये नावं इंग्रजीत असतात आणि तिथेच गोंधळ होतो म्हणून सांगते: पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. मुली आणि लहान मुलं बहुतेक काळी चार-पाचच्या आसपास गातात, मोठे पुरुष काळी एक-दोनच्या. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला आणि आवाज फुटायला लागला की जुनी पट्टी धरून बसू नका, दर दोन-तीन महिन्यांनी परत विचारा.

घरात पेटी म्हणजे हार्मोनियम असेल तर अजून एक भानगड. ॲप ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला जुळवलेलं येतं, पण आपल्या पेट्या, खास करून जुन्या, नेमक्या ४४० वर असतातच असं नाही. मग ॲपवरही काळी चार, पेटीवरही काळी चार, आणि दोन्ही एकत्र लावलं की नुसतं वॉव-वॉव ऐकू येतं. ते हेलकावे म्हणजेच फरक. ॲपमध्ये बारीक जुळवणीचा एक स्लायडर असतो (फाइन ट्यून लिहिलेलं असतं), पेटीचा सा दाबून धरायचा आणि तो स्लायडर हळूहळू सरकवायचा, हेलकावे संथ होत होत थांबले की झालं. सेकंदाला दोन हेलकावे येत असतील तरी समजा सूर हललेला आहे. मी हे काम पोरांनाच करायला लावते, दहा वर्षांचं पोरही दोन दिवसांत शिकतं, आणि कान तयार होतो तो फुकटात.

तानपुऱ्याची पहिली तार पंचमावर (प वर) असते, पण राग बघून ती बदलायची असते हे घरी कोणाच्या डोक्यात येत नाही. मालकंसात पंचम नाहीच, तिथे मध्यम लावायचा. मारवा, पूरिया यांतही पंचम नाही, तिथे बरेच जण निषाद लावतात. माझ्याकडची एक मुलगी पंधरा दिवस घरी मालकंस पंचमाच्या तानपुऱ्यावर घोटत होती, आणि क्लासला आल्यावर तिचा मध्यम कुठेच बसेना, आम्हा दोघींनाही कळेना काय झालंय, शेवटी तिच्या आईने फोन दाखवला तेव्हा उलगडा झाला.

फोनच्या स्पीकरवर तानपुरा लावू नका. काळी चारचा सा साधारण २०८ हर्ट्झ, खर्जाची (सगळ्यात खालच्या सा ची) तार त्याच्या निम्म्यावर म्हणजे १०४, आणि एवढा खालचा आवाज फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून नीट येतच नाही, वरवरची झणझण तेवढी ऐकू येते. साधा ब्लूटूथ स्पीकर पुरतो. तो मुलाच्या मागे किंवा बाजूला, आवाज इतकाच की स्वतःचा गळा त्याच्यावर ऐकू यावा. दोन्ही कानांत हेडफोन घालून गायला बसवू नका, स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून पोरं ओरडायला लागतात, शेजाऱ्यांचा प्रॉब्लेम असेल तर एकाच कानात घाला.

आता तो फुगेवाला गंधार. ही ट्यूनर ॲप सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा १०० सेंटचा, म्हणून त्यांचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर. तानपुऱ्याच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो (खर्ज नीट जुळला की येतोच, शांत खोलीत कान देऊन बघा) तो ३८६ वर असतो. म्हणजे तुमची मुलगी अगदी तानपुऱ्यात मिसळून गायली तर ॲप तिला चौदा सेंट उतरलीस म्हणून लाल दिवा दाखवणार, मग ती बिचारी हिरवा दिवा येईपर्यंत सूर वर ढकलणार, आणि बाई क्लासमध्ये म्हणणार कणसूर (किंचित बेसूर) लागतोय! शुद्ध धैवताचंही तेच, सोळा सेंटचा फरक. कोमल गंधारात उलटं, तिथे बरोबर गायलं तर ॲप चढलीस म्हणतं. पंचमात फरक जेमतेम दोन सेंटचा, तो सोडून द्या. पेटीवरचे सूरही असेच बारा समान तुकड्यांचे असतात, आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती त्याच्या वादात हा मुद्दा होताच, त्यामुळे ॲपला एकट्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. माझा नियम एवढाच, ट्यूनर सा आणि पंचम तपासायला वापरा, बाकीच्या सुरांना तानपुरा आणि बाई.

ठेक्याकडे येऊ. मेट्रोनोम नको, टिकटिक सगळ्या मात्रांना सारखीच, त्यात सम (पहिली मात्रा) कुठली, खाली (टाळी नसलेली मात्रा) कुठली काही कळत नाही. तबल्याचा ठेका लावा. लय ६० म्हणजे सेकंदाला एक मात्रा, म्हणजे त्रितालाचं आवर्तन सोळा सेकंदांचं. पलटे (सरगमचे सराव) ६० ला सुरू करा, आणि एकच पलटा लागोपाठ तीनदा न अडखळता आला तरच लय चार-पाचने वाढवा, तिसऱ्यांदा अडखळला तर परत पहिल्यापासून मोजायचं. पोरांना स्लायडर दिसला की ती थेट १२० ला नेतात, म्हणून मी आयांना सांगते की पहिले काही महिने लय तुम्ही लावून द्या आणि फोन लांब ठेवा. दुगुन करताना लय वाढवायची नाही, ठेका तोच ठेवून एका मात्रेत दोन सूर, हे ऐकायला सोपं वाटतं पण निम्मी पोरं ठेकाच दुप्पट करून ठेवतात आणि दुगुन आली म्हणून सांगतात. हाताने ताल धरायला लावाच, नाहीतर ठेका नुसता मागे वाजत राहतो.

तबला शिकणाऱ्यांनी ठेक्याऐवजी लेहरा लावायचा, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी एकच धून. त्याची धून समेवर येऊन पोचते, कायदा (तबल्याची एक बांधीव रचना) वाजवताना हात कुठेही भरकटला तरी कानाला कळतं कुठे परत यायचंय.

रेकॉर्डिंग. फोन तीन-चार फुटांवर, स्पीकरपासून लांब, ब्लूटूथ इयरफोन काढून, कारण तो लावलेला असला की बरेच फोन त्याचाच माइक घेतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. रोज सगळं रेकॉर्ड करू नका, कोणी ऐकत नाही, स्टोरेज भरतं एवढंच. आठवड्यातून दोनदा, एकच टेक, पाच मिनिटं. नाव तारखेने द्या, ०७१२ भूप पलटे असं काहीतरी, तीन महिन्यांनी शोधायला बरं. ऐकायचं दुसऱ्या दिवशी, गायल्या गायल्या ऐकलं तर काहीच चूक दिसत नाही. आणि एक विनंती, मुलासोबत ऐकताना तुम्ही चुका काढू नका, त्यालाच विचारा कुठे खटकलं, बहुतेक वेळा तो बरोबर जागा दाखवतो. क्लासमधलं बाईंचं गाणं रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा, आणि ते फॅमिली ग्रुपवर टाकू नका. बाईंना घरचं रेकॉर्डिंग पाठवताना व्हॉट्सॲपला डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आवाज जास्त दबत नाही.

यूट्यूबवरून ऐकताना सेटिंगमध्ये स्पीड ०.७५ केला की तान हळू होते आणि पट्टी तीच राहते, ताना समजून घ्यायला फार उपयोगी. पण सोबत गायला लावू नका. गवई काळी एकमध्ये गातायत आणि तुमची आठ वर्षांची मुलगी त्यांच्या पट्टीत खर्जात घुसतेय किंवा तार सप्तकात किंचाळतेय, गळ्याची वाट लागते. ऐकायचं, बंद करायचं, आपल्या पट्टीचा तानपुरा लावायचा, मग गायचं.

ऑनलाइन क्लास असेल, पुण्यातल्या सरांकडे न्यू जर्सीतून शिकणारी पोरं आता काही कमी नाहीत, तर झूममध्ये ओरिजिनल साउंड चालू करा. नाहीतर झूम तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून पुसून टाकतं आणि सरांना वाटतं तुम्ही तानपुऱ्याशिवाय बसलायत. तानपुरा आणि ठेका मुलाच्या खोलीतच लावायचा, सरांच्या बाजूने आलेला ठेका उशिरा पोचतो, मुलगा त्यावर बरोबर गायला तरी सरांना मागे पडल्यासारखाच ऐकू येतो, आणि त्यावरून भांडणं झालेली मी पाहिलीयेत. दोघांनी एकदम गायचं नाही, सर गाताना मुलाने म्यूट राहायचं.

वेळ म्हणाल तर लहानांना वीस मिनिटं बास. त्यातली शेवटची दोन मिनिटं तानपुरा म्यूट करा, मुलाला सा धरून एक आलाप घ्यायला सांगा आणि परत सा वर आला की आवाज चालू करा. सुरुवातीला सा उतरलेला सापडेल, मग त्याला ओरडू नका, लगेच परत एकदा म्यूट करा.