ड्युअल अॅक्शन एअरब्रश हातात कसा बसवायचा

नवा ड्युअल अॅक्शन एअरब्रश, म्हणजे हवेच्या जोरावर रंग फवारणारा पेनासारखा ब्रश, आणलात आणि पहिल्याच दिवशी कागदावर रंगाचा कोळी झाला, म्हणजे मधे थेंब आणि चहूबाजूंनी पाय फुटलेले, तर ब्रश खराब नाहीये, बोटाला अजून सवय नाहीये. मी कळव्याला घरी शाडूच्या मूर्ती रंगवतो, धोतराच्या चुण्या, गालांचं शेडिंग सगळं एअरब्रशने, आणि कोणी शिकायला आलं की पहिले दोन दिवस कपात रंग घालूच देत नाही, नुसतं पाणी आणि खोक्याचा पुठ्ठा.

ट्रिगर दोन कामं करतो. खाली दाबला की हवा, मागे ओढला की पुढच्या नॉझलचं, म्हणजे रंग बाहेर पडायच्या तोंडाचं, भोक अडवणारी सुई मागे सरकते आणि रंग येतो, जितका मागे तितका जास्त. क्रम एकच: आधी हवा, मग रंग, मग रंग बंद, शेवटी हवा बंद. नवीन माणूस रेघ संपली की बोट झटकन उचलतो, मग हवा थांबते पण नॉझलच्या तोंडाशी रंग उरतो आणि पुढच्या वेळी दाबलं की फच्चकन थेंब उडतो. म्हणून ट्रिगर पुढे जाऊ द्यायचा, बोट दाबलेलंच ठेवायचं. मी तर एक भाग पुरा होईपर्यंत हवा बंदच करत नाही.

हात कसा चालवायचा हे रांगोळी काढणाऱ्यांना लगेच कळतं. चिमूट सोडायच्या आधी हात निघालेला असतो आणि रेघ संपली तरी पुढे जातो, थांबलात की तिथे ढीग. इथेही तसंच, आणि मनगट वळवायचं नाही, कोपरापासून अख्खा हात न्यायचा, म्हणजे अंतर सारखं राहतं.

पाण्याने बोट वळलं की मग रंग. तो दुधाइतका पातळ हवा, कपाच्या भिंतीवर चढवला तर सरकन खाली यावा आणि मागे पातळ थर राहावा. ०.३ मिमीच्या नॉझलला १५ ते २० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतं, पण हा आकडा ट्रिगर दाबून हवा वाहत असताना बघा, बंद असताना काटा जास्तच दाखवतो. गणिताची चौकडीची वही घ्या आणि रेघा जिथे छेदतात तिथे एकेक ठिपका, सगळे एकाच मापाचे. कंटाळवाणं आहे पण बोटाची खरी तालीम हीच. मग दोन ठिपके जोडणारी रेघ, मग जाड सुरू होऊन बारीक होत जाणारी, जिच्यात रेघेबरोबर ब्रश जवळ आणायचा आणि ट्रिगर पुढे सोडत जायचा. बारीक रेघेला कागदापासून एक-दोन सेंटीमीटर, पसरट शेडिंगला दहा-पंधरा.

रंग मधेच येईनासा झाला तर बहुतेकदा सुईच्या टोकावर सुकलेला असतो, अॅक्रिलिकला हे फार होतं, पंखा चालू असेल तर अजूनच. ओल्या इअरबडने टोक हलकेच पुसा, जोर लावून सुई वाकवू नका, वाकडी झाली की रंग एका बाजूला जातो. कपात बुडबुडे येत असतील तर नॉझल नीट बसलेलं नाही किंवा चिरलंय.

आपल्याकडे ठाण्यात जुलैमध्ये हवेत इतका दमटपणा असतो की पाइपातून पाण्याचे थेंब येऊन शेडिंगवर डाग पडतात, त्यामुळे मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारा भाग, लावाच आणि कॉम्प्रेसरला टाकी असेल तर काम संपल्यावर तिच्या खालच्या व्हॉल्व्हने पाणी काढून टाका. मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा. लॅकर किंवा थिनरवाला रंग असेल तर साध्या मास्कने भागत नाही, कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर लागतो.

रंग बदलताना कप पुसा, पाणी घाला, नॉझलच्या तोंडावर फडकं धरून ट्रिगर दाबून ओढा, कपात बुडबुडे येऊन आतला रंग सुटतो, पाणी स्वच्छ येईपर्यंत करा. दिवसाच्या शेवटी सुई काढून पुसायची, परत घालताना नॉझलला टेकली की थांबायचं, ढकललीत तर नॉझल फाटतं. आणि नॉझल धुवायचं ते वाटीत, बेसिनमध्ये नाही, तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू आहे ती.