येऊरच्या रानात घोयऱ्याचा अभ्यास : दौऱ्याची आखणी कशी करावी

कुंपणावर मान डोलावणारा आणि विणीच्या काळात डोके लालबुंद करणारा बागेतला सरडा म्हणजे शॅमेलिऑन नव्हे, हे आधी पक्के ध्यानात घ्यावे. भारतात शॅमेलिऑनची एकच जात आढळते आणि तिला मराठीत घोयरा किंवा सरडगुहिरा म्हणतात. स्वतंत्रपणे फिरणारे दोन डोळे, चिमट्यासारखे पंजे आणि गुंडाळली जाणारी शेपटी या तिच्या खुणा आहेत.

पहिले काम प्रश्न ठरवण्याचे. ‘घोयरा पाहायचा आहे’ एवढ्यावर अभ्यास उभा राहत नाही. पण ‘तो रात्री कोणत्या झाडावर, जमिनीपासून किती उंचीवर झोपतो’ हा प्रश्न उत्तम आहे, कारण त्याचे उत्तर प्राण्याला हात न लावता मिळते.

मग परवानगी. ठाण्याजवळचे येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभ्यासासाठी प्रवेशाची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतात. अर्ज काही महिने आधी करावा आणि रात्री फिरायचे असल्यास तसे त्यात स्पष्ट लिहावे.

भर पावसात विजेरीचा झोत सरींवरच अडतो, म्हणून पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस मला अधिक सोयीचे वाटतात. दिवसा पानांत बेमालूम मिसळलेला हा प्राणी रात्री मात्र शोधता येतो : झोपेत त्याचा रंग फिकट होतो आणि झोत पडताच काळोख्या पानोळ्यात, फांदीच्या टोकाशी, शेपटीची गुंडाळी करून बसलेली फिकी आकृती एकदम उठून दिसते. त्याच क्षणी झोत बाजूला वळवावा. उंची टेपने मोजावी, झाड, वेळ, तापमान व आर्द्रता टिपावी आणि त्याची झोप न मोडता पुढे जावे; फ्लॅशचा मारा करू नये.

येऊरला बिबटे आहेत, त्यामुळे किमान तिघे, सोबत वनरक्षक आणि पाड्यावरचा वाट जाणणारा माणूस असावा. त्याची मजुरी खर्चात आधीच धरावी. फांदी वाकवण्यापूर्वी ती नीट पाहावी, कारण चापडा हा हिरवा विषारी सापही तशाच फांद्यांवर बसतो. गमबूट आणि सुटे सेल विसरू नयेत.

एकही घोयरा न दिसलेली रात्र वहीतून वगळू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. किती तास, किती अंतर, किती जणांनी शोधले याची नोंद नसेल, तर दिसलेल्या संख्येलाही अर्थ उरत नाही. नेमके ठिकाण मात्र समाजमाध्यमांवर टाकू नये; आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना ते धूसर ठेवण्याची सोय वापरावी.

दिवसा जाता-येताना घाटरस्त्यावर गाडी अगदी हळू चालवावी, कारण घोयरा रस्ता ओलांडताना एकेक पाऊल झुलत झुलत टाकतो आणि लांबून तो वाळक्या पानासारखाच दिसतो.