दिवस राहिलेत का? मग बागेतली ही कामं आजच सोडा

निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडे द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्या सुरूच असतात, तेव्हा औषध कालवणं, फवारणी, ओल्या बागेत विरळणीला जाणं हे पाळी चुकल्याच्या दिवसापासून बंद, कारण बाळाचं हृदय, हातपाय सगळं पहिल्या दोन-अडीच महिन्यातच घडतं आणि मेंदू-मणक्याची नळी तर गर्भ राहिल्यापासून 28 दिवसात मिटते, म्हणजे बऱ्याच जणींना कळायच्याही आधी. म्हणून फॉलिक अ‍ॅसिड 400 मायक्रोग्रॅम रोज, मूल हवं असं ठरवलं तेव्हापासूनच.

नवरा फवारून आला की कपडे बाहेरच काढून वेगळ्या बादलीत टाकायचे, आणि धुवायचे त्यानेच, तिने अजिबात नाही.

मिश्रीबद्दल जरा कडक बोलते. ती भाजलेली तंबाखूच आहे, निकोटीन हिरड्यातून रक्तात जातं, वारेतून बाळाला रक्त कमी मिळतं आणि वजन कमी भरतं. सासूबाई म्हणतील आम्ही लावली काही झालं नाही, तरी डबी घरातूनच काढा. वाईन, बिअर पण एक घोट नको.

रुबेलाची (जर्मन गोवराची) लस गरोदरपणात देत नाहीत, आधी घ्या आणि मग 1 महिना थांबा. पहिल्या 12 आठवड्यात रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयात दोष होऊ शकतो.

पहिल्याच तपासणीत एचआयव्ही, सिफिलिस (संबंधातून पसरणारी गरमी), हिपॅटायटिस बी (काविळीचा एक प्रकार) यांच्या चाचण्या करून घ्या, सिफिलिस निघाला तर पेनिसिलिनने बाळही वाचतं, फक्त नवऱ्यालाही तपासा. आणि फिटच्या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.