पाप आहे का नाही? रोजच्या प्रश्नाला आपली कॅथलिक शिकवण लावायची कशी

मागच्या उन्हाळ्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात नववीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, टीचर, नळाला मोटर लावणं पाप आहे का? वर्ग एकदम गप्प झाला, कारण सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि बसलेल्यांपैकी कितीतरी पोरांच्या घरी मोटर आहे, तेव्हा आमच्याही घरी होती. मी "फादरना विचारूया" म्हणून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर ते मला टोचत राहिलं. फादर काय प्रत्येकाच्या दारात पहाटे नळ सुटायच्या वेळेला येऊन उभे राहणार नाहीत ना, निर्णय आपल्यालाच घ्यायचाय, आणि तो कसा घ्यायचा हे ख्रिस्तसभेने, म्हणजे आपल्या कॅथलिक चर्चने, व्यवस्थित शिकवलेलं आहे, आपणच पहिल्या कम्युनियननंतर (लहानपणी पहिल्यांदा पवित्र भाकर घेतल्यावर) ते परत उघडून बघत नाही.

म्हणून हे लिहितेय. मी काही धर्मगुरू नाही, रविवारी पोरांना शिकवते आणि लोक मला मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर अंगणात गाठून विचारतात, त्यातून जे जमलंय ते सांगते.

पहिली गोष्ट, प्रश्नच बदला. "एवढं चालतं का" असं विचारलं की आपण सूट किती मिळते ते शोधायला लागतो. त्याऐवजी तीन गोष्टी बघायच्या: मी नक्की करतोय काय, कशासाठी करतोय, आणि परिस्थिती काय आहे. हे तीन शब्द माझे नाहीत, १९९२ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी जो कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ म्हणजे कॅटेकिझम दिला त्यातले आहेत, परिच्छेद १७५० पासून पुढे वाचा, फार मोठं नाही. काम, हेतू आणि परिस्थिती, तिन्ही ठीक असतील तर काम चांगलं. एक जरी बिघडलं तरी बिघडलं. हेतू कितीही चांगला असला तरी मुळात वाईट असलेलं काम त्याने चांगलं होत नाही, आणि उलट, चांगलं काम फक्त लोकांनी बघावं म्हणून केलं तरी ते डागाळतं.

आता मोटर घ्या. काम काय आहे? "मी पाणी भरतो" हे अर्धं झालं. खरं काम असं की सार्वजनिक लाइनीतून माझ्या वाट्यापेक्षा जास्त ओढून घेणं, ज्याने गल्लीच्या टोकाला राहणाऱ्याच्या नळाला धारच येत नाही. नियमानेही ते चालत नाहीच. हेतू? घरात पाणी असावं, चांगलाच आहे. परिस्थिती? "सगळेच लावायलेत की, मी एकट्याने बंद करून काय उपयोग." इथे बहुतेक जण थांबतात. पण शिकवण म्हणते की परिस्थितीने दोष कमी-जास्त होतो, वाईट काम चांगलं होत नाही. सगळे लावतात म्हणून माझा दोष थोडा हलका होईल कदाचित, पण टोकाच्या घरातल्या बाईचा हंडा त्याने भरत नाही. पाणी देवाने सगळ्यांसाठी दिलंय, दहा आज्ञांतली ही सातवी आज्ञा आहे, चोरी करू नको. (आपल्या गावात अमेरिकन मराठी मिशनमुळे प्रोटेस्टंट मंडळी पुष्कळ, त्यांच्याशी बोलताना लक्षात ठेवा की त्यांच्याकडे हीच आज्ञा आठवी असते, आज्ञा त्याच पण मोजणी वेगळी, त्यावरून उगाच वाद नको.)

मग घरात अंथरुणाला खिळलेली आजी असेल तर? चांगला प्रश्न आहे. कॅटेकिझमच सांगतो (२४०८) की तातडीची, उघड दिसणारी गरज असेल आणि जगायला लागणारी वस्तू मिळवायला दुसरा मार्गच नसेल तर दुसऱ्याचं घेणं ही चोरी होत नाही. पण "दुसरा मार्गच नसेल तर" हे शब्द प्रामाणिकपणे वाचायचे. शेजारच्याला मागून बघितलं का? टँकरला पैसे आहेत का? आमच्या बोळात आम्ही शेवटी काय केलं, सहा घरं बसून ठरवलं की पहिला अर्धा तास कोणीच मोटर लावायची नाही, टोकाच्या दोन घरांचं भरलं की त्यांनी ग्रुपवर टाकायचं, मग ज्याच्या टाकीत चढत नाही त्याने लावायची. हे परिपूर्ण नाही. आमच्या घरची मोटर आम्ही काढूनच टाकली आणि खाली हौद बांधला, खर्च झाला, पण मला त्या मुलीला तोंड दाखवायचं होतं. आणि आधी जे ओढलं त्याचं काय? तर फक्त सॉरी म्हणून भागत नाही, भरपाई करावी लागते. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने येशूला घरी घेतलं तेव्हा तो जकातदार म्हणाला ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो. आम्ही टोकाच्या घरी दोन उन्हाळे आमच्या हौदातून पाणी देतोय.

एवढं लांब लिहिलं कारण पद्धत तीच आहे, प्रश्न कुठलाही असो.

दुसरी बाजू पण बघा. काही लोक, विशेषतः आपल्या आया-मावश्या, प्रत्येक गोष्टीला पाप म्हणून कुढत बसतात. एका टॉवेल कारखान्यात रात्रपाळी करणारा मुलगा मला म्हणाला, माझ्या दोन रविवारच्या मिस्सा चुकल्या, मी कम्युनियन घेऊ का? तर बघा, गंभीर पाप व्हायला तीन गोष्टी एकत्र लागतात: गोष्ट गंभीर पाहिजे, ती गंभीर आहे हे पूर्ण माहीत पाहिजे, आणि मनापासून ठरवून केलेली पाहिजे. एक जरी नसली तरी ते गंभीर पाप होत नाही. रविवारची मिस्सा हे बंधन खरंच गंभीर आहे, पण आजारपण, तान्हं बाळ, सोडता न येणारी ड्युटी असं खरं कारण असेल तर तिथे बंधन लागू होत नाही. आणि शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते हे किती जणांना माहीतच नाही. त्या मुलाला मी एवढंच विचारलं की पाळी बदलून मागितलीस का? नाही म्हणाला, लाज वाटली. मग मागून बघ, नाही मिळाली तर निवांत रहा, मोबाइलवर मिस्सा बघ, तिने बंधन पूर्ण होत नाही पण ज्याला जाताच येत नाही त्याला आधार होतो.

संक्रांत आली की प्रसादाचा प्रश्न ठरलेला. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, होम मैदानावर पाळणे, सात नंदीध्वज निघतात तेव्हा सगळं सोलापूर रस्त्यावर असतं, आपली पोरं घरात बसतील का? बसू पण नये. इथे पण आधी बघा काम काय आहे. यात्रेत फिरणं, तिळगूळ देणं-घेणं हा शेजारधर्म आहे, त्यात प्रश्नच नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) १९६५ च्या जाहीरनाम्यात सरळ सांगितलंय की दुसऱ्या धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही. पण देवाला हात जोडून पूजा करणं, आरतीचं ताट फिरवणं, हे उपासनेचं काम झालं, ते आपण फक्त आपल्या देवाचं करतो, पहिली आज्ञा आहे. मधे राहिला प्रसाद. संत पौलाला करिंथमधल्या लोकांनी जवळपास हाच प्रश्न विचारला होता, मूर्तीला दाखवलेलं मांस खावं का. त्याचं उत्तर फार बारकाईचं आहे: मूर्ती काही नाही, अन्नाने आपण देवाच्या जवळ किंवा लांब जात नाही, कोणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते विचारपूस न करता खा, पण कोणी सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नका. म्हणजे बघा, त्याने पदार्थापेक्षा समोरच्या माणसाला जास्त महत्त्व दिलं. मी स्वतः काय करते, शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या तर दोन्ही हातांनी घेते, आभार मानते, नाकारून त्यांचा अपमान करत नाही, आणि घरात नुकताच बाप्तिस्मा झालेला कोणी असेल ज्याला त्यावरून गोंधळ होईल तर त्याच्यासमोर खात नाही. तुमचे फादर वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका, ते तुमच्या घराला ओळखतात.

लाचेचं थोडक्यात. दुसऱ्याचा नंबर कापून आपलं पुढे सरकवायला पैसे देणं, हे सरळ चूक. पण आपल्या हक्काचा कागद अडवून कोणी पैसे मागतोय आणि पोराची ॲडमिशन अडलीय, तिथे मुख्य दोष मागणाऱ्याचा आहे, देणारा पिळला जातोय. तरी आधी तक्रार, माहितीचा अधिकार, ओळखीच्या वकिलाचा सल्ला, हे करून बघा. आणि अंत्यविधीत दहन चालतं का, तर हो, १९६३ पासून परवानगी आहे, दफन जास्त पसंत असलं तरी. फक्त २०१६ ला रोमने स्पष्ट केलं की अस्थी घरात ठेवायच्या नाहीत, विखरायच्या नाहीत, दफनभूमीत किंवा पवित्र जागी ठेवायच्या.

लग्नाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. मुलगा हिंदू, मुलगी कॅथलिक, आणि घरात लगेच सुरू होतं की त्याला बाप्तिस्मा घ्यावा लागेल. नाही घ्यावा लागत! बिशपची खास परवानगी लागते, आपण पुणे धर्मप्रांतात येतो त्यामुळे ती पुण्याहून येते आणि अर्ज आपल्या फादरांमार्फतच जातो. कॅथलिक बाजूने वचन द्यायचं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक व्हावं म्हणून माझ्याने होईल ते सगळं करीन. समोरच्याला वचन द्यायचं नसतं, त्याला फक्त हे नीट सांगितलेलं असलं पाहिजे. समोरचा प्रोटेस्टंट असेल तर त्याचा बाप्तिस्मा झालेलाच आहे, तिथे परवानगीचा प्रकार वेगळा, पण फादरांकडे जायचंच. आणि कृपा करून हॉल बुक करायच्या आधी जा. हॉल, केटरर, पत्रिका सगळं झाल्यावर आठवडाभर आधी लोक येतात आणि मग फादरांवर रागावतात. ज्या मुलीने मला हे विचारलं तिला मी अजून एक सांगितलं, त्याच्याशी मुलांबद्दल आत्ता बोल, सासूने पाळण्याजवळ उभं राहून विचारेपर्यंत थांबू नको.

आता सदसद्विवेकबुद्धीबद्दल, कारण हल्ली "माझं मन म्हणतं ते बरोबर" असं सगळे म्हणतात. ख्रिस्तसभा खरंच शिकवते की मनाने ठामपणे सांगितलेलं पाळायचंच. पण तेच मन घडवावं लागतं, वचन वाचून, शिकवण समजून घेऊन, शहाण्या माणसाला विचारून. कान तयार नसलेला माणूस पेटी लावायला बसला तर त्याला सगळेच सूर बरोबर वाटतात. माझी खूण अशी आहे की मनाने नेहमी माझ्याच सोयीचं सांगितलं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. आणि मूल होत नाही म्हणून टेस्ट ट्यूब बेबीचा विचार करणारं जोडपं आलं तर उत्तर अंगणात उभ्या उभ्या देऊ नका. शिकवण स्पष्ट आहे, १९८७ पासून लेखी आहे की मूल प्रयोगशाळेत घडवणं योग्य नाही आणि उरलेल्या भ्रूणांचं काय होतं हाही गंभीर मुद्दा आहे, पण शरीरातला दोष दुरुस्त करणारे उपचार चालतात, आणि तसं जन्मलेलं बाळ इतर कुठल्याही बाळाइतकंच देवाचं. त्यांना बसवा, चहा द्या, आधी त्यांचं ऐका.

शेवटचा प्रश्न माझ्या स्वतःच्या घरचा. तीन वर्षांपूर्वी माझे वडील आयसीयूत होते, किडन्या गेलेल्या, वय ८१, डॉक्टरांनी सांगितलं व्हेंटिलेटर लावू शकतो पण त्यातून ते उठतील असं वाटत नाही, सांगा. भाऊ म्हणाला नाही लावलं तर आपण त्यांना मारल्यासारखं होईल. बहीण म्हणाली आपण त्यांचा छळ करतोय. आम्ही तिघं कॉरिडॉरमध्ये उभे, आणि मी तेच तीन प्रश्न मनात घोळवले. काम काय आहे? मारणं वेगळं आणि मरण अडवता येत नाही हे मान्य करणं वेगळं. पोप पायस बाराव्यांनी १९५७ लाच भूलतज्ज्ञांना सांगितलं होतं की असाधारण उपाय करायलाच पाहिजेत असं बंधन नाही, आणि कॅटेकिझममध्ये २२७८ ला तेच आहे, ज्याचा त्रास जास्त आणि फायदा नगण्य असा उपचार थांबवता येतो, पण रुग्ण शुद्धीत असेल तर निर्णय त्याचा. अन्न-पाणी, स्वच्छता, वेदनाशामक हे मात्र सोडायचं नाही, वेदना कमी करायच्या हेतूने दिलेल्या औषधाने आयुष्य थोडं कमी होण्याचा धोका असला तरी ते चालतं. बाबा अर्धवट शुद्धीत होते, मी वाकून विचारलं, त्यांनी मान हलवली, नको. आम्ही सही केली नाही.

फादर रात्री साडेदहाला स्कूटरवर आले, बाबांच्या कपाळाला आणि हातांना तेल लावलं, आम्ही जपमाळेचा एक दशक (दहा मण्यांच्या प्रार्थना) म्हटला. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. मला फक्त एकाच गोष्टीची हळहळ आहे की आम्ही त्यांना उशिरा बोलावलं, बाबा बोलू शकत होते तेव्हाच पापनिवेदन (फादरांपुढे पापं कबूल करणं) झालं असतं. आपल्याकडे लोकांना वाटतं फादर आले म्हणजे माणूस संपला, म्हणून शेवटपर्यंत बोलवत नाहीत. रुग्णाभ्यंग, म्हणजे हे तेल लावणं, हा आजाऱ्यासाठीचा संस्कार आहे, मोठ्या ऑपरेशनच्या आधी घेता येतो, दुखणं वाढलं तर परत घेता येतो, आणि तो फक्त धर्मगुरूच देऊ शकतो. तेव्हा घरातलं कोणी ॲडमिट झालं की नातेवाइकांना फोन लावायच्या यादीत फादरांचा नंबर वर ठेवा, पेशंटला आपण होऊन बोलता येतंय तेव्हाच.