अल्पसंख्याकांविषयीचे वार्तांकन कसे तपासावे

एखादे दैनिक अल्पसंख्याकांना न्याय देते की नाही, हे एका मथळ्यावरून ठरवू नये. एकच प्रकरण निवडावे आणि आरोपापासून निकालापर्यंतची प्रत्येक बातमी वहीत नोंदवावी. तारीख, पान, रकाने, मथळ्यातील क्रियापद आणि कोणाकोणाचे म्हणणे घेतले, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत.

सरावासाठी तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेचे प्रकरण घ्यावे. मार्च-एप्रिल २०२० मध्ये दिल्लीतील निजामुद्दीन मरकजमधून, म्हणजे जमातीच्या केंद्रातून, करोनाची साथ पसरल्याच्या बातम्यांनी पहिली पाने आणि वाहिन्यांवरील चर्चा व्यापल्या होत्या. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मरकजला आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि निकालपत्रात माध्यमांतील अपप्रचाराची स्पष्ट दखल घेतली. एप्रिलमधील अंक आणि २२ ऑगस्टचा अंक ग्रंथालयात शेजारी ठेवून पाहावेत. आरोपाला मिळालेली जागा आणि निर्दोषत्वाला मिळालेली जागा यांतील अंतर हाच तपासणीचा गाभा आहे, कारण वाचकाच्या मनावर पहिली बातमी कोरली जाते आणि दुसरी बहुधा त्याच्यापर्यंत पोहोचतही नाही.

त्यानंतर मालकीकडे वळावे. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६ च्या नियमांनुसार फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’ या मथळ्याखाली मालकाचे आणि एक टक्क्याहून अधिक भांडवल असणाऱ्यांचे नाव छापले जात असे. म्हणून मार्चच्या आरंभीचे जुने अंक चाळावेत. तिथे कंपनीचे नाव आढळल्यास कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे संचालक आणि त्यांच्या इतर कंपन्या शोधाव्यात. मात्र मालक फोन करून बातमी अडवतो, असे गृहीत धरू नये. व्यापारी दडपण बहुतेक वेळा आदेशाविना काम करते: जाहिरातदाराला हवा असलेला ग्राहक ज्या वस्तीत राहत नाही, त्या वस्तीसाठी बातमीदार नेमला जात नाही, आणि मग तिथली बातमी केवळ पोलिसांच्या तोंडून येते. म्हणून महिनाभराच्या जाहिरातीही मोजाव्यात, त्यांतील सरकारी आणि बांधकाम व्यवसायाच्या जाहिराती वेगळ्या लिहाव्यात. पैशाने सारे घडते असेही नाही. १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ या बहिष्कृतांच्या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नव्हती. मालकी आणि जात यांचा विचार एकत्रच करावा लागतो, असे मला ठामपणे वाटते.

चूक आढळल्यास आधी संपादकांना लेखी कळवावे आणि त्या पत्राची प्रत जपून ठेवावी. दाद न मिळाल्यास दैनिकाविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे मात्र ओढू शकते. वाहिनीकडे तक्रार करण्याची मुदत फार थोडी, प्रक्षेपणापासून सात दिवसांची असते. त्यामुळे कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि आक्षेपार्ह वाक्ये त्याच दिवशी शब्दशः लिहून ठेवावीत.