जेलात नव्यानं लागलात? कैद्यानं धमकी दिली तर काय करायचं

जेलची नोकरी लागलेली आपल्याकडची पोरंपोरी मला फोन करतात, पगार क्वार्टर बदली सगळं विचारून होतं आणि मग आवाज बारीक करून विचारतात, "मामा, कैदी धमकी देतो तेव्हा काय करायचं?" हर्सूल असो, बीड असो, नांदेड असो, प्रश्न सगळीकडं हाच. आणि हा काही एकट्या शिपायाचा प्रश्न नाही, आत शिकवायला येणारे गुरुजी, दवाखान्यातल्या सिस्टर, समुपदेशनाला येणाऱ्या ताई, सगळ्यांवर ही वेळ येते. ट्रेनिंगला कवायत होते, कायदा शिकवतात, पण पहिल्यांदा कुणी डोळ्यात डोळे घालून "बाहेर भेट, मग बघतो" म्हणतो तेव्हा तोंडाला कोरड पडते, पाय जड होतात, ते कुणी सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका न्यायाधीन बंद्यानं, म्हणजे ज्याचा खटला अजून चालूय अशा कैद्यानं, टोटल म्हणजे कैद्यांची मोजणी चालू असताना अगदी हळू, हसतच मला म्हटलं, "तुमची लेक हिरव्या रिक्षातून शाळेत जाती ना साहेब." बस्स एवढंच, ना शिवी ना मोठा आवाज. मी कुणालाच बोललो नाही, वाटलं सिनिअर म्हणतील घाबरला. आठ दिवसांनी त्यानं तंबाखूची पुडी मागितली, मी दिली. मग म्हणाला ही चिठ्ठी बाहेर पोचवा. तिथं माझे डोळे उघडले आणि मी जेलर साहेबांसमोर जाऊन सगळं सांगून टाकलं, पुडीसकट. मेमो मिळाला, मिळायलाच पाहिजे होता. पण त्याच दिवशी त्याचं यार्ड बदललं, पोलीस ठाण्याला कळवलं, शाळेत सांगितलं आणि किती तरी दिवसांनी त्या रात्री मला झोप लागली.

म्हणून सगळ्यात आधी हे डोक्यात ठेवा, धमकी घरी न्यायची नाही. ड्युटी सुटायच्या आत वरिष्ठाला तोंडी सांगायची आणि लेखी द्यायची, कितीही फालतू वाटली तरी. तुम्ही गप्प बसला हे त्याला कळतं आणि तिथूनच तो पुढचं मागायला लागतो. १८९४ च्या जुन्या प्रिझन्स ॲक्टपासूनच, म्हणजे तुरुंग कायद्याच्या कलम ४५ पासून, धमकीची भाषा हा तुरुंगातला अपराध म्हणून लिहिलेलाय, म्हणजे तक्रार केली तर तुम्ही काही जगावेगळं करत नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५१ आहे, जिवे मारायची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि ड्युटी करू द्यायची नाही म्हणून अंगावर आला तर कलम १३२.

आता धमकी ओळखायची कशी. मी तरी दोनच जाती मानतो, गरम आणि थंड. गरम म्हणजे रागाच्या भरात, आरडाओरडा, शिव्या, ताट आपटणं. थंड म्हणजे वर सांगितली तशी, हळू आवाजात, एकट्याला गाठून, आणि तिच्यामागं काहीतरी मागणी असते. दोन्हीला एकच औषध चालत नाही. थंड धमकीवर चर्चा करायचीच नाही, "ऐकलं मी, आता हे लिहून देतो" एवढं म्हणायचं आणि खरंच लिहून द्यायचं. उलट दम द्यायचा नाही, "तुझ्या घरी पण माणसं आहेत" असलं तर चुकूनही बोलायचं नाही, ते बोललात की तुमचीच बाजू गेली.

गरम धमकीत मात्र बोलण्यातच सगळं आहे. एक प्रसंग सांगतो. मे महिना, दुपारचे पावणेतीन, बराक भट्टीसारखी तापलेली, तेवीस-चोवीस वर्षांच्या एका पोराची जामिनाची तारीख होती आणि पोलीस गार्ड आलाच नाही म्हणून त्याला कोर्टात नेलं नव्हतं. मी यार्डात गेलो तेव्हा त्यानं चप्पल काढून भिंतीला नीट लावून ठेवली होती आणि उजव्या मुठीला पंचा गुंडाळत होता. बाजूचे दोघं-तिघं आपापलं अंथरूण उचलून सरकत होते. हे बारीक बघायला शिका. चप्पल काढली म्हणजे पाय घसरू नये म्हणून काढली, शेजारी सरकले म्हणजे त्यांना कळलंय. कधी कधी तर नेहमी कलकल असलेली बराक एकदम गप्प होते, ती शांतता शिव्यांपेक्षा वाईट. तो ओरडत होता, "आज एकाला तरी घेऊनच जातो."

मी पहिलं काम केलं ते बघे हटवायचं, कारण चाळीस जणांसमोर कुणालाच माघार घेता येत नाही, त्याला पण नाही आणि आपल्याला पण नाही. बाकीच्यांना आत घेतलं, जोडीदाराला घंटीजवळ उभं केलं आणि सांगितलं की बोलणार मी एकटाच, दोघातिघांनी एकदम बोललं की माणूस आणखी बिथरतो. दोन हात लांब उभा राहिलो, थोडा तिरपा, तळहात उघडे आणि छातीसमोर, माझ्या मागं गेट मोकळं आणि त्यालाही बाजूला सरकायला जागा मोकळी. कोपऱ्यात कोंडलेला माणूस मारतोच. नावानं हाक मारली आणि विचारलं, "तारखेचं झालं ना? सांग मला." मग चारपाच मिनिटं तो मला, कोर्टाला, देवाला, सगळ्यांना शिव्या देत होता आणि मी ऐकत होतो. "शांत हो" म्हणालो नाही, आजपर्यंत शांत हो म्हटल्यावर शांत झालेला माणूस मी बघितलेला नाही. माझा आवाज मुद्दाम त्याच्यापेक्षा खाली ठेवला, मला ऐकायचं म्हणून त्याला थांबावं लागत होतं.

श्वास घ्यायला थांबला तेव्हा विचारलं, "इथं उन्हात बोलायचं का लिंबाखाली? पाणी घेतो का?" अशी छोटी निवड दिली ना की माणसाला वाटतं आपल्या हातात काहीतरी आहे, जेलात त्याच्या हातात दुसरं काय असतं सांगा. तो लिंबाखाली आला, पंचा सैल झाला. मी म्हटलं, "तारीख देणं माझ्या हातात नाही, पण पुढची तारीख कोणती ते ऑफिसातून काढून संध्याकाळी बराकी बंद व्हायच्या आत तुला सांगतो." आणि साडेपाचला जाऊन सांगितली. हे शेवटचं विसरलात तर बाकीचं सगळं वाया, पुढच्या वेळी तुमचा शब्द कुणी ऐकणार नाही. म्हणून जे जमणार नाही ते कबूल करायचंच नाही, "करतो बघू" पण म्हणायचं नाही.

बोलताना मान द्या. वयस्कर असेल तर मामा, काका म्हणा, तरण्या पोराला नावानं हाक मारा, जातीवरून गावावरून बोलू नका. गुन्हा काय केला ते कोर्ट बघून घेईल. आणि चाव्या लोंबत्या ठेवू नका, गळ्यात आयकार्डाची पक्की दोरी नको, ओढली की गळाच आवळतो. सिस्टरनी कात्री आणि सुया मोजून न्यायच्या, मोजून आणायच्या. गुरुजींनी वर्गात दाराजवळच्या बाजूला बसायचं, पोरांच्या मागं भिंतीकडं नाही.

काही वेळा राग नसतोच, आजार असतो. नवीन आलेला बंदी, बाहेर रोज दारू पिणारा, आत आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो आणि जवळ येईल त्याला मारीन म्हणतो. ही दारू एकदम सुटल्याची लक्षणं आहेत आणि त्यात जीव जाऊ शकतो, तिथं शिस्तीचा विचार सोडा आणि लगेच डॉक्टर बोलवा. तसंच "हात कापून घेईन, ब्लेड गिळीन" म्हणणाऱ्याला नाटक समजू नका. दहा वेळा नाटक केलं असेल तरी अकराव्या वेळी पण नजर ठेवा, एकटा सोडू नका, दवाखान्यात कळवा.

आपल्या भागातली एक गोष्ट बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांना लवकर कळत नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, बीड जालन्याकडच्या किती तरी बंद्यांच्या बायका, आईबाप त्यात असतात, आणि मग चारपाच महिने मुलाकातीला कुणीच येत नाही. लेकरू आजारी असल्याचा निरोप दहा दिवसांनी पोचतो. त्या दिवसांत बराकीत भांडणं वाढतात, धमक्या वाढतात, हे मी दरवर्षी बघितलंय. अशा वेळी फोनची पाळी चुकू न देणं, कुणाची मुलाकात बंद झालीय ते लक्षात ठेवून सहज "घरचं काय कळलं का" विचारणं, यानं निम्म्या धमक्या तोंडातून बाहेरच पडत नाहीत.

आणि आपण पण याच मातीतले. बंद्याचं गाव तुमच्या गावापासून दहा किलोमीटरवर, त्याचा मावसभाऊ तुमच्या सोयऱ्याच्या ओळखीचा, म्हणून "तुझं घर माहितीय" ही धमकी इथं खरी लागते. घरच्यांना विश्वासात घ्या, लहान लेकरांना शाळेतून कोण आणणार ते ठरवा, जेलातल्या गप्पा गावात करू नका, युनिफॉर्मवरचे फोटो घराच्या दारासमोर काढून मोबाईलवर सगळ्यांना दिसतील असे टाकू नका. दारात कुणी अनोळखी घिरट्या घालत असेल तर ११२ लावा, सोयऱ्यामार्फत मिटवायला जाऊ नका.

बोलून जमलं नाही आणि तो अंगावर आलाच तर एकट्यानं भिडायचं नाही, मागं सरा, गेट लावा, पगली घंटी, म्हणजे जेलातली धोक्याची घंटा, वाजवा. बळ वापरावं लागलं तर आवरायला लागेल तेवढंच. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत नियम ८२ हेच सांगतो, गरजेपेक्षा जास्त बळ नको आणि वापरलं तर लगेच प्रमुखाला कळवायचं. तो आवरला गेल्यावर नंतर सेलमध्ये जाऊन हात साफ करणारे मी बघितलेत, ते चूक तर आहेच आणि त्याची परतफेड पुढच्या ड्युटीवरच्या नव्या पोराला करावी लागते. दोघांचीही वैद्यकीय तपासणी करून घ्या, तुमची पण आणि त्याची पण.

मग रिपोर्ट. "बंद्याने गैरवर्तन केले" असं लिहू नका, त्यातून कुणालाच काही कळत नाही. असं लिहा: "दुपारी २.४५, यार्ड क्र. ३, लिंबाच्या झाडाजवळ. बंदी म्हणाला, 'आज एकाला तरी घेऊनच जातो.' उजव्या मुठीला पंचा गुंडाळलेला. हजर शिपाई अमुक. मी बाकीचे बंदी आत घेतले व २५ मिनिटे बोललो. बळ वापरले नाही." त्याचे शब्द त्याच्याच भाषेत, शिवी असेल तर शिवीसकट. सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवा म्हणून त्याच दिवशी लेखी मागा, काही दिवसांनी जुन्यावर नवीन चढतं.

दुसऱ्या दिवशी त्याच यार्डात जायला पाय उचलत नाहीत. जमत असेल तर जा, पण एकट्यानं नको, सिनिअरला बरोबर घ्या, आणि कालचं काहीच काढू नका, "जेवला का" एवढं विचारा. मी त्या पोराला विचारलं तर त्यानं मान खाली घालून विचारलं, "मामा, पुढच्या तारखेला तरी गार्ड येईल का हो?" मी म्हटलं, आदल्या दिवशी विचारून ठेवतो.